सत्तावीस लिहिताना बाहत्तर का होतात?

जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात एक वाद काही दिवस गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्यांची वाचने नव्या रीतीने दिली होती. सत्तावीसला ‘वीस सात’, त्रेसष्टला ‘साठ तीन’. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, व्यंग्यचित्रे आली. विधानसभेत तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून कोट्या झाल्या. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की, जुनी नावे रद्द केलेली नाहीत, दोन्ही रीती पुस्तकात आहेत, आणि हा बदल मुलांना सोपे जावे म्हणून आहे. पण तोवर हसण्याचा भर ओसरला नव्हता. ‘आम्ही नाही का शिकलो?’ हा त्या हसण्याचा मथितार्थ होता.

‘आम्ही’ शिकलो हे खरे. जे शिकले नाहीत ते अग्रलेख लिहीत नाहीत, एवढेच. गणितात बसलेली पहिली ठेच पुढे आयुष्यभर ‘मला गणित येत नाही’ या वाक्यात जपणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. ही ठेच संख्येला लागते की संख्येच्या नावाला, हा माझ्या कुतूहलाचा विषय. मी ना गणिताचा पदवीधर, ना भाषाशास्त्राचा. तीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या आणि सुटीच्या दिवशी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तके चाळली. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाचे माझ्यावर कोणत्याही विद्यापीठापेक्षा अधिक ऋण आहे. प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते इतकेच की, लहान मुलाला परक्या भाषेत गणित शिकवण्याचा प्रश्न आपण समजतो तसा इंग्रजीपासून सुरू होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, मराठीच्या आतच सुरू होतो.

शंभर नावांची गर्दी

आधी नावांकडेच पाहू. ‘दोन’ हा अंक घ्या. बारामध्ये तो ‘बा’ आहे, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’, ब्याण्णवमध्ये ‘ब्या’. पाढ्यात शिरला की ‘बे’ आणि ‘दुणे’. दहांची नावेही स्थिर नाहीत. पन्नास हे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते, त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. साठचे ‘सष्ट’ होते, सत्तरचे ‘हत्तर’, नव्वदचे ‘ण्णव’. इंग्रजी मूल वीसपर्यंतचे आकडे आणि दहांची नावे पाठ करते आणि पुढे जोडत जाते. मराठी मुलाला जवळजवळ शंभर नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात.

त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. वजाबाकी शिकण्याच्या वर्षभर आधी मूल तोंडाने वजाबाकी करते आणि हाताने २ आणि ९ लिहिते. बरे, हा नियम तरी शेवटपर्यंत टिकावा! एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि नव्व्याण्णवला मोडतो.

सर्वांत मोठी अडचण क्रमाची. ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकते तसे लिहिते : ७, मग २. बाई लाल शाईने फुली मारतात, कारण बाहत्तर झाले. वास्तविक मुलाने कान उघडे ठेवून नेमके ऐकले, त्याचीच ही शिक्षा. संख्येचे नाव एका दिशेला तोंड करून उभे आणि लेखन दुसऱ्या दिशेला. देवनागरीत ३ आणि ६ उभे राहतात तसे. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच.

पाटणचा शिलालेख

हा क्रम आला कुठून? संस्कृतात सत्तावीसला ‘सप्तविंशति’ म्हणतात, प्राकृतातून झिजत ते आपल्यापर्यंत आले. एकोणीसचे मूळही ‘एकोनविंशति’. जुने ज्योतिषी मोठी संख्या शब्दांत सांगताना एककापासून सुरुवात करीत आणि अंक डावीकडे सरकत जात. म्हणजे ज्यांनी ही नावे घडवली त्यांच्या रीतीत बोलणे आणि मांडणे यांचा मेळ होता. बिघाड झाला तो डावीकडून उजवीकडे लिहीत जाणाऱ्या लहान मुलाच्या हाती ही नावे आली तेव्हा.

नाशिकहून फार लांब नाही अशा ठिकाणी, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, १२०७ सालचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याला दिलेल्या दानांची ही नोंद. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे : राजकुळाची स्तुती, भास्कराचार्यांची विद्वत्ता, त्यांची वंशावळ. पण बाजारातल्या मालातून मठासाठी किती भाग काढायचा हे सांगण्याची वेळ आली तेव्हा लेख मराठीत उतरला. कारण ते वाचून द्यायचे होते बाजारातल्या माणसांनी.

मला हा शिलालेख आपल्या गणित-शिक्षणाचा पहिला नकाशा वाटतो. मठात शिकायचे गणित एका भाषेत, बाजारात चालायचे गणित दुसऱ्या भाषेत, आणि दोन्ही एकाच दगडावर. त्या दोन भाषांमध्ये ये-जा करण्याची शिडी मात्र दगडावर नाही. ती बांधायचे काम शाळेचे.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेने हे काम आपल्या पद्धतीने केले होते. धुळपाटीवर बोटाने अंक गिरवायचे आणि उजळणी एका सुरात म्हणायची. पाढे होतेच, त्याखेरीज अपूर्णांकांचेही पाढे होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आज हे अघोरी पाठांतर वाटते. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, आणि खंडीचे वीस मण असलेल्या जगात कोणाच्याही मुलाला संध्याकाळी दुकानात पावकी लागत होती. घोकंपट्टी होती, छडीही होती, पण घोकलेले नाव आणि हातातले काम यांची गाठ पडत होती.

मात्र ही शाळा मोजक्या घरांतल्या मुलांची होती. पावकी येणारा आणि न येणारा यांच्यातले अंतर म्हणजे सावकार आणि कुळ यांच्यातले अंतर. संख्येचे नाव न येण्याची किंमत त्या काळीही कोणीतरी मोजतच होते, आणि ती वहीत दुसऱ्याच्या बाजूला जमा होत होती.

आणखी एक गंमत. ज्याला आपण शुद्ध मराठी गणित म्हणतो त्याची भाषा तरी कुठे एका घरची? बेरीज आणि वजाबाकी फारसी-अरबीतून दफ्तराच्या वाटेने आल्या. गुणाकार आणि भागाकार संस्कृतातले. त्यांच्या मधोमध ‘हातचा’ हा अस्सल घरचा शब्द. बोटावर धरून ठेवलेला एक, त्याला हातचा. मूल हा शब्द एकदा ऐकते आणि त्याला तो कळतो, कारण हात त्याचाच असतो.

जर्व्हिस, पेरी आणि नाना शंकरशेट

१८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या शाळा उभ्या राहू लागल्या तेव्हा पुस्तके नव्हती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींच्या मदतीने हटनच्या इंग्रजी गणिताची मराठी भाषांतरे केली. मुंबईत त्याने काढलेल्या इंजिनिअरिंगच्या शाळेत शिकवणे मराठी आणि गुजरातीतून चालले. भूमिती, बीजगणित हे सारे देशी भाषेत सांगता येते, हे त्याने वर्गात करून दाखवले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानाने शाळेसाठी मराठीत अंकगणिताचे पुस्तक लिहिले ते याच वाटेवर.

१८४० च्या दशकात वाद पेटला. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीतून शिकवण्याकडे होता. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट विरुद्ध बाजूला होते. लोकांपर्यंत ज्ञान पोचायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल, असे त्यांचे म्हणणे. जर्व्हिस हा स्वतः इंग्रज, तरी तो मराठीच्या बाजूने उभा राहिला, याचे कारण मला त्याच्या कामात दिसते. त्याने मुलांना शिकवले होते. पेरी न्यायाधीश होते.

पण या वादातही एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली होती : ‘देशी भाषा’ म्हणजे मराठी किंवा गुजराती. पाठ्यपुस्तकाची मराठी ही सगळ्यांच्या घरची मराठी आहे, हे गृहीतक तिथून जे निघाले ते आजतागायत चालू आहे.

पश्चिमेचे तालुके

नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौथा हिस्सा आदिवासींचा आहे. सुरगाणा आणि पेठ हे तालुके तर जवळजवळ संपूर्ण आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर अशा जमाती. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकलाच. कोकणा समाजाची बोली मराठी, गुजराती आणि भिली यांच्या सीमेवरची. ती मराठीची की गुजरातीची, यावर विद्वानांचे मतभेद आहेत. सहा वर्षांच्या मुलाला त्यांच्याशी कर्तव्य नाही. शाळेत बाई बोलतात ते आई बोलते तसे नाही, इतके त्याला पहिल्या दिवशी कळते.

१९७० च्या दशकापासून शासकीय आश्रमशाळांचे जाळे वाढले. त्यांनी हजारो मुलांना अक्षर दिले, जेवण दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण निवासी शाळेत घरची भाषा संध्याकाळीसुद्धा भेटत नाही. पाड्यावरच्या मुलाला ‘एकक’, ‘दशक’, ‘संख्या’, ‘चढता क्रम’ हे शब्द आणि ‘सत्त्याऐंशी’ हे नाव एकाच आठवड्यात भेटते. त्याच मुलाने सुटीत मोहाची फुले वेचून मापाने भरलेली असतात, नागलीची पोती मोजलेली असतात, शेळ्यांत एक कमी आहे हे नजरेने ओळखलेले असते. त्याला मोजणे येते, त्या मोजण्याची शाळेतली नावे येत नाहीत. उत्तर न आल्याने तो गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यावर ‘अप्रगत’ असा शेरा पडतो. शेरा मुलाच्या नावापुढे लिहिला जातो, पुस्तकाच्या नावापुढे नाही.

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात मी जुन्या पिढीच्या माणसांकडून ‘तीन विसा आन सात’ अशी मोजणी ऐकली आहे. तीन विसा म्हणजे साठ, वर सात, सदुसष्ट. ही रीत काही फक्त आदिवासींची नव्हे. देशावरही अक्षरशत्रू म्हणवली जाणारी आजी पाच विसांचे शंभर करीत असे. या मोजणीत मोठा भाग आधी येतो आणि उरलेला नंतर. हाताची आणि पायाची बोटे संपली की एक विसा, मग पुढची सुरुवात. २०१९ मध्ये ज्या ‘साठ सात’ला आपण परका, इंग्रजाळलेला प्रकार म्हणून हसलो, तो क्रम आपल्याच आज्यांच्या तोंडी होता. शाळेने तो ऐकला नव्हता.

आक्षेपांची बाजू

याचा अर्थ नव्या वाचनावरचे सगळे आक्षेप पोकळ होते असे नाही. एक आक्षेप मला फार मराठी वाटतो. आपण ‘वीस-एक माणसे’ म्हणतो तेव्हा अर्थ होतो सुमारे वीस. ‘पन्नास-एक रुपये’ म्हणजे अदमासे पन्नास. ‘वीस एक’ला एकवीस म्हणायचे ठरवले तर नेमकी संख्या आणि अंदाज एकाच नावाने ओळखावे लागतील. मोठ्यांचा गोंधळ होणार नाही कदाचित, पण बोलीतून शिकणाऱ्या मुलाचा होऊ शकतो.

दुसरा आक्षेप पाढ्यांचा. पाढ्याला लय आहे आणि ती लय या झिजलेल्या, एकजीव झालेल्या शब्दांवर उभी आहे. ‘सत्तावीस’ एका घोटात म्हणता येते. हा तोटा खरा आहे. उलट जोडाक्षरे कठीण म्हणून नावे बदलली, हे समर्थन मला तितकेसे पटले नाही. मूल संख्या आधी बोलते आणि मग वाचते. त्याला अडवतो तो क्रम आणि नावांचा विस्कळीतपणा. जोडाक्षराची अडचण त्यानंतरची.

आपण एकटेच या पेचात आहोत असेही नाही. जर्मन भाषेत आजही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात. नॉर्वेत १९५१ साली तिथल्या संसदेने ठरवून हा क्रम उलटा केला, दहा आधी आणि एकक नंतर. निमित्त शाळेचे नव्हतेच, टेलिफोनचे होते. नंबर सांगताना घोटाळे होत. जुनी माणसे जुने बोलत राहिली, शाळेत नवे शिकवले गेले आणि दोन्ही रीती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. वेल्स भाषेत विसांवर आधारलेली जुनी मोजणी होती, तिच्या जोडीला शाळांसाठी दहांची सरळ मोजणी रूढ झाली. कानडी आणि तेलुगूत तर हा प्रश्नच नाही, तिथे वीस आधी, एक नंतर. सोलापूर-कोल्हापूरच्या सीमेपलीकडे मुलाला जे सहज मिळते ते अलीकडे मिळत नाही, यात बुद्धीचा संबंध नाही.

आपल्याकडेही टेलिफोनने आपले काम केलेच आहे. मराठी माणूस आज मोबाइल नंबर मराठीत सांगत नाही. शहरातल्या सेमी-इंग्रजी वर्गात मूल घरी मराठी बोलते, इतिहास मराठीत वाचते आणि गणित इंग्रजीत करते. त्याला ‘एकोणसत्तर’ म्हटले की ते विचारते, म्हणजे किती? आईबाप हसत हसत सांगतात, ‘सिक्स्टी नाइन.’ पाड्यावरच्या मुलाला मराठी संख्यानामे परकी आणि नाशिक शहरातल्या या मुलालाही परकी. फरक इतकाच की एकाच्या अज्ञानाला आपण मागासलेपण म्हणतो आणि दुसऱ्याच्या अज्ञानाला प्रगती.

देवळालीचे मास्तर

नाशिकमध्ये बसून अंकांवर लिहायचे आणि द. रा. कापरेकर यांचे नाव घ्यायचे नाही, हे होणे नाही. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि जगाला देवळालीचा पत्ता कळला.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक कोणीही घरी करून पाहू शकतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, हेच पुन्हा करा. वादाचेच वर्ष घेऊ : २०१९. ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च.

हे उदाहरण दिले ते एका कारणासाठी. या साऱ्या उद्योगात त्या संख्यांची नावे एकदाही घ्यावी लागत नाहीत. नावाच्या अलीकडे गणित असते. ज्या मुलाला ‘ब्याऐंशी’ म्हणता येत नाही त्याला ८२ कळत नाही, असे समजण्याची घाई आपण करतो.

काय करता येईल

सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही, तरी वहीचा हिशेब शेवटी मांडावाच लागतो. १९५६ साली राज्यघटनेत समाविष्ट झालेले कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘शक्यतोवर’ मातृभाषा म्हणतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हवी म्हणते. कागदाला कमी नाही. ‘शक्यतोवर’ या शब्दाचे ओझे मात्र सुरगाण्यातल्या एका शिक्षकाच्या खांद्यावर येऊन पडते.

त्या शिक्षकाला करता येण्याजोगे काही आहे, आणि त्याला शासननिर्णय लागत नाही. पहिले वर्षभर मुलाने ‘वीस सात’ म्हटले काय, ‘एक विसा आन सात’ म्हटले काय, उत्तर बरोबर धरावे. काड्यांचे गठ्ठे करून आधी दहांचे ढीग दाखवावेत, मग सुट्या काड्या, आणि लिहून झाल्यावर सांगावे की मोठी माणसे याला सत्तावीस म्हणतात. पाढे यायला हवेत, जुनी नावेही यायला हवीत, कारण बाजार, सातबारा आणि वर्तमानपत्र त्याच भाषेत बोलते, आणि ती न येणाऱ्याची फसवणूक होते. फक्त ती दुसरी भाषा म्हणून शिकवावीत, सावकाश, परकी आहेत हे मान्य करून. ७२ लिहिणाऱ्या मुलाच्या पाटीवर फुली मारण्याआधी त्याला विचारावे, ‘तू काय ऐकलेस?’ तो सांगेल, ‘सात, मग वीस.’ आणि त्याचे बरोबर असेल.